बेवारस पिन

इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात फार तर बोटाला चटका बसतो, अशी नोकरीच्या आठव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती. आमच्या शेडमधला सगळ्यात मोठा अपघात म्हणजे सोल्डरिंगच्या तापल्या सळईवर कोणाचा तरी रुमाल जळाला, हा. त्यामुळे पुढे जे घडलं ते समजायला मला वेळ लागला. आजही ते आठवलं की आधी एक आकडा आठवतो.

नव्वदच्या दशकात नगरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. बावीस माणसं. दूध शीतकरण केंद्रांसाठी लागणारे कंट्रोल बोर्ड आम्ही बनवायचो. शीतकरण केंद्र म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गावातलं दूध सकाळ-संध्याकाळ तिथे गोळा होतं, स्टीलच्या मोठ्या बंदिस्त टाकीत ओततात, थंड करतात आणि मग टँकर येऊन घेऊन जातो. दूध नुसतं ठेवलं तर साय वर येते आणि टाकीच्या भिंतीला लागलेलं दूध गोठतं. म्हणून टाकीच्या आत एक मोठा पंखा असतो, दूध ढवळण्यासाठी. पूर्वी तो माणूस चालू-बंद करायचा आणि विसरायचा. आमचा बोर्ड विसरत नसे. दर अर्ध्या तासाने तो पंखा चालू करायचा आणि पाच मिनिटांनी बंद करायचा.

बोर्डाच्या मध्यभागी चाळीस पायांची एक चिप असते. या पायांना आम्ही पिन म्हणतो. काही पिनांना कळफलक जोडलेला, काहींना आकडे दाखवणारे दिवे, काहींना रिले. रिले म्हणजे बोर्डाचं बोट समजा. पंख्याच्या मोटारीला भिंतीवर स्टार्टर असतो, त्याला एक हिरवं बटण आणि एक तांबडं. हिरवं क्षणभर दाबलं की स्टार्टर स्वतःला धरून ठेवतो आणि पंखा फिरत राहतो. तांबडं दाबलं की सुटतो. आमच्या बोर्डाची दोन बोटं ही दोन बटणं दाबत.

चिपमधला प्रोग्राम पाटणकर मॅडम लिहायच्या. कळफलकासाठी एक तुकडा, दिव्यांसाठी एक, पंख्यासाठी एक. अशा तुकड्याला ड्रायव्हर म्हणतात. बोर्डाचा नकाशा मी काढायचो. सुरुवातीला कोणती वस्तू कोणत्या पिनला, हे आकडे मॅडमच्या ड्रायव्हरमध्ये ठिकठिकाणी लिहिलेले असत. मी नकाशात एक तार हलवली की मॅडमना एकोणीस जागा शोधाव्या लागत. एकदा एक जागा राहिली, तर कळफलकावरचा सात दाबल्यावर अलार्म वाजू लागला.

तेव्हा मी एक तक्ता सुचवला. चिपच्या मेमरीत एका कोपऱ्यात बोर्डाची माहिती ठेवायची. पंखा चालू करणारा पिन अमुक, बंद करणारा तमुक. पिनवर वीज आली की रिले लागतो की सुटतो, त्यासाठी एक आकडा : शून्य किंवा एक. ड्रायव्हरने स्वतः काही गृहीत धरायचं नाही. उठायचं, तक्ता वाचायचा आणि त्यानुसार वागायचं. बोर्ड बदलला तर तक्ता बदलेल, ड्रायव्हर तसाच राहील. आज हे कोणालाही नवं वाटणार नाही. पण आमच्या शेडमध्ये ते पहिल्यांदा झालं आणि मला त्याचा अभिमान होता.

"तुमच्या तक्त्यानं माझे शनिवार परत दिले हो," असं मॅडम म्हणाल्या होत्या.

दोन वर्षांनी मी बोर्ड नवा केला. आधी प्रत्येक रिलेला वेगळा ट्रान्झिस्टर होता. आता आठ रिलेंना मिळून एकच छोटी चिप बसवली; नववा, तांबड्या बटणाचा, तेवढा जुन्या ट्रान्झिस्टरवरच राहिला. जागा वाचली, तारा कमी झाल्या. फक्त या चिपची रीत उलटी होती. पूर्वी पिनवरची वीज गेली की रिले लागायचा, आता वीज आली की लागणार. मी तक्त्यात त्या आठांसाठी शून्याचा एक केला. ड्रायव्हरची एक ओळही बदलावी लागली नाही. मालक खूश झाले, सगळ्यांना भेळ आली.

तपासणीच्या टेबलावर आम्ही पंख्याच्या जागी साधा बल्ब लावायचो. नव्या बोर्डाचं बटण दाबलं की तो बल्ब एकदा लुकलुकायचा आणि मग सगळं नीट चालायचं. सोल्डरिंगला बसणाऱ्या बायका म्हणायच्या, "नवा बोर्ड लई संस्कारी हाय. उठल्या उठल्या नमस्कार करतोय." मी हसलो होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मी ते पाहिलं होतं आणि हसलो होतो.

नवे नऊ बोर्ड बाहेर गेले.

त्यांतल्या बेलापूरजवळच्या केंद्रातून तक्रार आली, की कळफलकाचं एक बटण अडकतंय. मी मोटारसायकलवर गेलो. अकराच्या सुमाराला पोचलो तेव्हा भारनियमन सुरू होतं. केंद्राचे प्रमुख शेळके अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले होते.

"या सायेब. लाईट न्हाई, त्यामुळं तुमचं बटन काय दिसायचं न्हाई आता. चहा घ्या. पर एक सांगतो, ह्यो नवा बोर्ड लई बेस केलाय तुमी."

"काय आवडलं?"

"लाईट आली की पंखा आपला आपन चालू हुतो. पयल्या बोर्डाला ही अक्कल न्हवती. आता आमाला उठायला नको."

चहाचा कप मी खाली ठेवला. "अण्णा, असं आम्ही काही केलेलं नाही."

"आता मोठेपना नको म्हनून न्हाई म्हनताय व्हय? रोज बघतो मी डोळ्यानं."

"पण तो चालू व्हायला नको."

"न्हाई कसा? हुतोय की."

तेवढ्यात आतून खरखर आवाज आला. दगडी फरशीवर कोणी खराटा मारावा तसा, पण पोकळ. मी विचारलं, कसला आवाज?

"टाकी धुतोय बबन."

"आत उतरून?"

"मग भायेरून कशी धुनार?" अण्णा हसले. "लाईट गेली की टाकी धुवायची, ही आमची पयल्यापासूनची रीत हाय. लाईटच न्हाई म्हनल्यावर पंखा फिरायची भीती न्हाई. सोळा वर्सं झाली, कुनाला खरचटलं न्हाई."

वाचकहो, ही रीत चुकीची नव्हती. स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि वीज आली तरी आपणहून लागत नाही. कोणीतरी जाऊन हिरवं बटण दाबायला लागतं; जुना बोर्डही ते अर्ध्या तासानंतरच दाबायचा. म्हणून अंधारात टाकी धुणं हे त्या माणसांनी स्वतः शोधलेलं सुरक्षिततेचं साधन होतं, आणि ते सोळा वर्षं चोख चाललं होतं. टाकी कधी धुता, हे आम्ही नऊपैकी एकाही केंद्रावर विचारलं नव्हतं.

मी आत पळालो. टाकीच्या वर जेमतेम दोन वितींचं गोल भोक, त्याला शिडी लावलेली, शिडीखाली चपला. मी ओरडलो, "बबन, बाहेर या!"

"अर्धी राह्यलीया अजून," आतून उत्तर आलं. "साबन लावलाय."

"राहू द्या. आधी बाहेर या!"

तो आला, नाराज होऊन. ब्रश आतच टाकून आला. मी काहीच समजावून सांगू शकलो नाही, कारण मलाच नीट समजलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "सायेबांना ऊन लागलं जनू." आम्ही तिघं टाकीपाशी उभे राहिलो. वीस मिनिटांनी लाईट आली.

पंखा सुरू झाला. कोणीही कशालाही हात लावला नव्हता. आत लाकडी ब्रशाला पात्याचा पहिला फटका बसला तो आवाज मला आजही शब्दांत सांगता येत नाही. मग दुसरा, तिसरा. मी तांबडं बटण दाबलं. ब्रशाचे दोन तुकडे झाले होते. आणि बोर्डावर पंख्याचा दिवा विझलेला होता. फटके बसत होते तेव्हाही तो विझलेलाच होता. बोर्डाच्या हिशेबाने पंखा बंद होता.

बबनने शिडी काढून भिंतीला लावली. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

मी पंख्याची तार बोर्डापासून सोडवली आणि गावातल्या एस.टी.डी. बूथवरून पाटणकर मॅडमना फोन लावला. उरलेल्या आठ केंद्रांपैकी सहा ठिकाणी फोन होते. ते त्या लावणार होत्या : बोर्डाकडून स्टार्टरला गेलेली तार काढा आणि पंखा हाताने चालवा. फोन नसलेली दोन. एक कर्जतकडचं, एक तिसगावच्या पुढचं.

"कर्जतला मी जाते," मॅडम म्हणाल्या. "एस.टी. आहे बाराची. तुम्ही तिसगाव गाठा."

मग मालक फोनवर आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जा. पण तिथे 'सुधारणा करायची आहे' म्हणा. 'दोष' हा शब्द तोंडातून काढू नका. उद्या नऊच्या नऊ परत येतील." त्यांचा कारखाना होता, बावीस घरं त्यावर चालत होती. तरी ते वाक्य ऐकताना माझा कान गरम झाला.

नेवासा, शेवगाव करत मी चार वाजता तिसगावच्या पुढच्या त्या केंद्रावर पोचलो. तिथल्या दूध संस्थेचे सचिव एकटेच होते. मी आधी तार काढली आणि मग विचारलं, "टाकी कोण धुतं?"

"आता मीच धुतो. रंगनाथ साळवे हुता, त्याला काढला. सोळा दिवस झाले."

"का?"

"निष्काळजी मानूस. लाईट यायची येळ ठावं असून आत बसून राह्यला. पंख्यात गावला. खांद्याचं हाड मोडलं. उद्या मेला असता तर सौंस्थेच्या गळ्यात."

तक्रार का केली नाहीत, असं मी विचारलं. सचिव म्हणाले, "तक्रार? बोर्डाची? बोर्डानं काय केलं?"

रंगनाथचं घर वस्तीच्या कडेला होतं. चाळिशीचा, अगदी सडपातळ माणूस. टाकीच्या भोकातून असाच माणूस जातो. डावा हात गळ्यात बांधलेला. उजव्या हाताने शेंगा फोडत बसला होता. मी कारखान्यातून आलोय म्हटल्यावर उठायला लागला.

"बसा, बसा. काय झालं ते सांगाल का?"

"चूक माझीच हाय सायेब. साडेअकराला लाईट येती. मला त्याच्या आत भायेर यायचं हुतं, पर त्या दिशी दूध चिकाटलं हुतं. म्हनलं, लाईट आली तरी कोन बटन दाबतंय, कोनच न्हवतं. सचिव बँकेत गेल्ते."

"मग?"

"मग फिरला की. खांद्यावर एक बसला. मी कोपऱ्यात आंग चोरलं, पोटाशी पाय घेतले, आन् पातं नाकाम्होरनं जात हुतं. लई आवाज दिला. टाकी बंद, कुनाला काय ऐकू जानार?"

"तांबडं बटण कोणी दाबलं?"

"कुनी न्हाई. आपोआप थांबला. सचिव म्हनत्यात पाच मिन्टं झाली आसतील, पंखा पाच मिन्टंच फिरतो. मला लई वाटली. घाबरल्यावर तसं वाटत आसंल."

मी तिथे ओट्यावर बसलो. पाच मिनिटं नाहीत, हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. बोर्ड जागा झाल्यावर त्याच्या हिशेबाने पंखा बंदच असतो. तो अर्धा तास वाट बघतो, मग हिरवं बटण दाबतो, पाच मिनिटं मोजतो आणि मग तांबडं दाबतो. तीस आणि पाच. हे आकडे मीच तक्त्यात भरले होते. रंगनाथ साळवे मोडलेला खांदा घेऊन त्या पात्यासमोर पस्तीस मिनिटं बसला होता.

"पस्तीस मिनिटं," मी म्हणालो. "तुम्हाला बरोबर वाटलं होतं. आणि चूक तुमची नाही. आमची आहे."

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. आतून त्याची बायको दाराशी आली. "मी तवाच म्हनलं हुतं," ती त्याला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "पंख्यातच कायतरी बिघाड हाय. तर मलाच येडी म्हनला."

"गप गं," तो म्हणाला. मग मला विचारलं, "सायेब, हे तुमी सचिवाला सांगाल का? का नुसतं मला?"

सांगेन म्हणालो. लेखी देईन म्हणालो. मालकांचं वाक्य तेव्हा मला आठवत होतं, आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मॅडमनी शेडमधला तसाच एक बोर्ड टेबलावर घेतला आणि वेळ मोजली. कर्जतकडे कोणाला काही झालं नव्हतं, ही बातमी त्यांनी आणली होती. वीज आली की चाळीस पायांच्या मुख्य चिपच्या सगळ्या पिनांवर जन्मतःच वीज असते. ती तिची रीतच आहे. मग प्रोग्राम उठतो, मेमरी तपासतो, दिव्यांवर केंद्राचा क्रमांक दाखवतो, कळफलक बघतो, आणि त्यानंतर पंख्याचा ड्रायव्हर तक्ता वाचून पिन ताब्यात घेतो. तोपर्यंत नव्या बोर्डाचा हिरव्या बटणाचा रिले लागलेलाच राहतो, आणि तांबड्याचा, जुन्या रीतीचा, सुटलेला. किती वेळ? तीनशे चाळीस मिलिसेकंद. सेकंदाचा तिसरा हिस्सा. बल्बाला लुकलुकायला पुरेल एवढा, आणि स्टार्टरला तर पंचवीस मिलिसेकंद खूप होतात.

हे केंद्रावर आमच्या फिटरला कधी दिसलं का नाही, तेही शोधलं. तो नेहमी बोर्ड आधी चालू करायचा, आकडे बरोबर दिसले की मग शेवटी स्टार्टरची तार जोडायचा. व्यवस्थित माणूस होता. त्या व्यवस्थितपणामुळेच त्याला काही दिसलं नाही.

"ड्रायव्हरच्या हातात यायच्या आधी पिन बंद ठेवायचं काम बोर्डाच्या मांडणीचं आहे, असं मी धरून चालले," मॅडम म्हणाल्या.

"आणि मी धरून चाललो की ते ड्रायव्हरचं."

"म्हणजे एक तृतीयांश सेकंद तो पिन कोणाचाच नव्हता."

मी मान हलवली. पूर्वी आकडे एकोणीस ठिकाणी विखुरले होते तेव्हा निदान प्रत्येकाला आपल्या पिनची धास्ती होती. मी व्यवस्था लावली आणि दोघंही निर्धास्त झालो.

मी तिसगावकडच्या त्या दूध संस्थेला पत्र लिहिलं, कारखान्याच्या कागदावर, माझ्या सहीने. बोर्डाच्या रचनेत दोष होता, पंखा वीज येताच आपोआप सुरू झाला, तो पस्तीस मिनिटं चालला, श्री. साळवे यांची काही चूक नाही. पाटणकर मॅडम म्हणाल्या, "थांबा, चूक दोघांची आहे," आणि खाली सही केली. पोस्टात टाकल्यावर मग प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली. ते वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "टाकलंत?" मी हो म्हटलं. पुढचा महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत, निरोप मॅडमकडे देत. नऊपैकी तीन केंद्रांनी बोर्ड कायमचे परत पाठवले. सहा राहिली.

नंतर बोर्ड असा बदलला, की चिपच्या जन्मस्थितीत रिले सुटलेलाच राहील. प्रोग्राम चालो, न चालो, चिप काढून खिशात घाला, पंखा बंदच. तक्त्यात एक नवा रकाना आला : उठताना हा पिन कोणाच्या ताब्यात. तो रिकामा असला तर बोर्ड बाहेर जाणार नाही. आणि मेन स्विचला कुलूप बसवलं. किल्ली टाकीत उतरणाऱ्याच्या खिशात. टेबलावर या वेळी बल्ब नव्हता, खरा स्टार्टर होता. दोनशे वेळा वीज घालवली आणि आणली. दोनशेपैकी दोनशे वेळा तो गप्प राहिला.

अडीच महिन्यांनी मी नवा बोर्ड घेऊन तिसगावच्या पुढे गेलो. पत्रानंतर संस्थेने रंगनाथला परत बोलावलं होतं. हाड जुळलं होतं, हात मात्र खांद्याच्या वर जात नव्हता. बोर्ड बसवून झाल्यावर सचिव म्हणाले, "चल रंगनाथ, टाकी धुवून घे."

रंगनाथ जागचा हलला नाही.

"सायेब तपासून आलेत दोनशे येळा," सचिव म्हणाले.

"टेबलावर," रंगनाथ म्हणाला. "आत बसून किती येळा?"

सचिव चिडले. "आरं, काय बोलतो? शिकलेला मानूस हाय त्यो."

मी बूट काढले, शर्ट काढला. रंगनाथने काही सांगितलं नव्हतं, पण दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मेनच्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात असायला हवी होती, ती मी त्याच्या हातात दिली. म्हणालो, "दहा वेळा घालवा आणि आणा. प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा सांगा."

मी त्याच्यासारखा सडपातळ नव्हतो, भोकातून जाताना बरगड्या सोलल्या. आत गार होतं. आंबूस वास, पायाखाली ओलं स्टील, आणि तोंडासमोर पातं. टाकी बाहेरून केवढी मोठी दिसते. आत बसल्यावर कळलं की अंग चोरायला जो कोपरा आहे तो दीड वितीचा आहे.

"येक!" बाहेरून आवाज आला, पाठोपाठ स्विचचा खटका. पातं हललं नाही. "दोन!" खटका. "तीन!" पाचव्या आकड्याला माझ्या लक्षात आलं, की मी दोन्ही हातांनी पातं घट्ट धरून ठेवलंय. तीन अश्वशक्तीची मोटार हाताने थांबत नाही, हे मला कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. मी हात सोडले. सातव्याला परत धरलेले होते.

"धा!"

सगळं शांत झालं. मी सुस्कारा सोडला, गुडघे सरळ केले आणि वर भोकाकडे हात नेला. तेवढ्यात खटका झाला. पुढचा आकडा कोणी सांगितला नव्हता. मी होतो तिथेच खाली कोसळलो, पोटाशी पाय घेऊन.

पातं स्थिर होतं.

भोकात रंगनाथचं तोंड दिसलं. त्याने चांगला हात आत सोडला, मला धरायला.

"ही आकरावी," तो म्हणाला. "न सांगता केली सायेब. लाईट कुठं सांगून येतीया? या भायेर. आता उतरतो मी."